खोगीर केव्हा उतरवायचे?



स्मृतिव्याख्यानासाठी वक्ता सहसा मोठा विषय निवडतो. मी आज घेतलेला प्रश्न दिसायला लहान आहे. स्वारीच्या घोड्याचे वय झाले की त्याच्या पाठीवरचे खोगीर कायमचे केव्हा उतरवायचे, आणि ते कोणी ठरवायचे? महाराष्ट्रात हा प्रश्न रोज कुठे ना कुठे उभा राहतो. माथेरानला, महाबळेश्वर-पाचगणीला, समुद्रकिनाऱ्यांवर, लग्नाच्या वरातीत, रायडिंग क्लबांत. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तरही ठरलेले आहे: चालतोय तोवर चालवायचा, त्याने पाय काढायचे थांबवले की आपण थांबायचे. हे उत्तर देणारा माणूस निर्दय नसतो. घोडा आपले दुखणे आपल्याला सांगेल असा त्याचा प्रामाणिक समज असतो. माझे आजचे म्हणणे एवढेच की हा समज चुकीचा आहे. घोडा नाही म्हणतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्याची चूल त्या घोड्यावर पेटते त्याला ते आधी दिसणे अवघड असते आणि दिसले तरी मान्य करणे परवडत नाही. म्हणून निवृत्तीचा निर्णय नोंदींवर आणि त्रयस्थ नजरेवर सोपवला पाहिजे, आणि निवृत्तीनंतरच्या दाणावैरणीची सोय घोडा कमावता असतानाच झालेली असली पाहिजे. ही सोय नसेल तर कितीही चांगले निकष लिहून काढा, ते कागदावरच राहतील.

घोडा दुखणे का दाखवत नाही? तो शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जो लंगडतो त्याच्यावर झडप पडते, त्यामुळे वेदना झाकून कळपाबरोबर चालत राहणे हे लाखो वर्षांत त्याच्या अंगी मुरले आहे. माणसाच्या हाताखाली आल्यावर त्यावर शिकवणीचा थर चढतो. चांगला शिकवलेला घोडा तो, जो टाच लागताच पुढे जातो. म्हणजे आपण पिढ्यानपिढ्या जो गुण निवडला आणि घोटून घेतला, तोच गुण म्हातारपणी त्याच्या मुळावर येतो. इंग्लंडमधील पशुवैद्यक स्यू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्यांच्या वागणुकीतल्या चोवीस खुणांची यादी तयार केली. कान मागे पाडून ठेवणे, तोंड उघडत राहणे, शेपटी आवळणे किंवा सारखी फटकारणे, मान वर फेकणे, पाय अडखळणे, टाच देऊनही संथ राहणे अशा त्या खुणा आहेत. यांपैकी आठ किंवा अधिक एकदम दिसल्या तर हाडा-स्नायूंत कुठेतरी वेदना असण्याची शक्यता मोठी असते, असे त्यांचे निरीक्षण आहे. या खुणांकडे एकदा नीट पाहा. आपल्याकडे यातल्या बऱ्याचशा ‘खोड’ म्हणून ओळखल्या जातात. ‘हा जरा आळशी आहे’, ‘हिला तंग आवळलेला खपत नाही’, ‘तो उतारावर नखरे करतो’ हे आपण घोड्याच्या स्वभावाबद्दल बोलतो आणि घोडा मात्र आपल्या सांध्यांबद्दल बोलत असतो.

मालकाच्या नजरेलाही मर्यादा आहे, आणि ती केवळ गरीब मालकाची नाही. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी पंधरा वर्षांवरच्या दोनशे घोड्यांची तपासणी केली आणि मालकांनी सांगितलेली माहिती पशुवैद्यांना आढळलेल्या गोष्टींशी ताडून पाहिली. हे बहुतेक हौसेने घोडे पाळणारे लोक. तरीही लंगडणारे घोडे मालकांना जेवढे दिसले होते त्याहून कितीतरी अधिक तपासणीत निघाले, आणि दातांचे दोष तर जवळजवळ सगळ्याच घोड्यांत सापडले. प्रेम कमी होते म्हणून असे झाले नाही. रोज पाहणाऱ्याला कालच्या आणि आजच्या घोड्यात फरक दिसत नाही, आणि झीज तर वर्षांच्या मापाने होत असते.

मग पाहायचे कशाकडे? जाणत्या घोडेवाल्यांना आणि नालबंदांना यातले पुष्कळ ठाऊक असते, पण ते मांडून ठेवलेले नसते. नालबंदापासूनच सुरुवात करू, कारण म्हातारपणाची पहिली खबर बहुधा त्याला लागते. नाल ठोकताना तो मागचा पाय उचलून मांडीवर घेतो. त्या पायाचा सांधा झिजलेला घोडा तो पाय थोडा वेळ देतो आणि मग ओढून घेतो, कधी सगळे अंग दुसऱ्या बाजूला झुकवतो. याला दांडगाई समजून मुसक्या बांधल्या जातात. प्रत्यक्षात एका पायावर भार घेऊन दुसरा मुडपून धरणे त्याला सोसत नसते. काढलेली जुनी नाल हातात घेऊन पाहिली तर तीही सांगते: पाय पुरता उचलला जात नसेल तर नालेचा पुढचा भाग घासून पातळ झालेला असतो. त्यानंतर लीद. तिच्यात लांब लांब न चावलेल्या काड्या दिसू लागल्या की दात गेले असे समजावे. घोड्याचा दात हिरडीतून दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतो आणि वैरण चावताना तेवढाच झिजतो. विशी-पंचविशीत हा साठा संपत येतो, आणि मग तोबऱ्यात चंदी भरपूर असूनही बरगड्या वर येतात. पाठ पाहावी. कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस उतरले आणि पाठ खोलगट झाली, की दहा वर्षांपूर्वी बेतलेले खोगीर आता मणक्यावर आणि खवाट्यावर टेकते, आणि खोगिराखाली पांढऱ्या केसांचे चट्टे उमटतात. अंगावरचे लांब केस उन्हाळा आला तरी झडत नसतील तर ते थंडीचे लक्षण नव्हे. मेंदूतल्या एका ग्रंथीच्या बिघाडाची ती ठळक खूण आहे. हा आजार पंधरा वर्षांपुढे वाढत जातो आणि त्याच्याबरोबर खुरांचा अत्यंत वेदनादायक दाहही येऊ शकतो.

एक खूण मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे आपण सारे जाणतो. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला उभ्याने मिळत नाही. तिच्यासाठी दिवसाकाठी अर्धा-एक तास तरी त्याला आडवे व्हावे लागते. सांधे दुखणारा घोडा आडवा होण्याचे टाळतो, कारण पुन्हा उठण्याची त्याला धास्ती असते. मग काही दिवसांनी तो उभ्या उभ्याच झोपेत कोसळू लागतो, पुढचे पाय दुमडतात, जमिनीला घासतात आणि खुराच्या वरच्या सांध्यावर पुढच्या बाजूने जखमा होतात. त्या बऱ्या होतात, पुन्हा होतात. तबेल्यात सकाळी घोड्याच्या कुशीला माती किंवा गवत लागलेले दिसत नाही आणि सांध्यावर मात्र खरचटलेले दिसते, याचा अर्थ तो रात्रभर झोपलेला नाही. असा घोडा दिवसा माणसाला पाठीवर घेऊन उतार उतरत असेल तर धोका दोघांनाही आहे.

आता हे सगळे माथेरानच्या वाटेवर ठेवून पाहू. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे ठिकाण जगाच्या नजरेस आणल्यापासून तिथे घोडा आहे. गावात मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पुढे चालायचे, रेल्वे गाठायची किंवा घोड्यावर बसायचे. गेल्या काही वर्षांत त्यात ई-रिक्षाची भर पडली. साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोड्यांवर तिथली कुटुंबे जगतात. वाट जांभ्या मातीची आणि चढउताराची, काही भागांत फरसबंद, आणि फरसबंदीवर नाल घसरते म्हणून घोडेवाल्यांची तक्रार आहे. सपाटीवर उभ्या घोड्याचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो, उतारावर तो आणखी पुढे येतो. स्वार वर बसला की त्यात भर पडते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका अभ्यासात घोड्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन त्यांना चालवले-पळवले गेले. २५ टक्क्यांपासून नाडीचे ठोके आणि नंतरचे स्नायूंचे दुखणे स्पष्टपणे वाढलेले दिसले. २० टक्के ही मर्यादा जगभर सांगितली जाते. आपल्याकडचा ३०० किलोचा घोडा धरला तर खोगिरासकट ही मर्यादा ६० किलो होते. शनिवार-रविवारी वर बसणारा पर्यटक किती किलोचा असतो हे मी सांगायला नको. भारवाहू जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांतही तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. शिवाय हे आकडे धडधाकट घोड्याचे. वय वाढले की हृदयाची ताकद घटते आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताही घटते. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात केनेथ मॅकीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की तोच व्यायाम करताना विशीपुढच्या घोड्यांचे शरीर तरुण घोड्यांच्या मानाने सुमारे निम्म्या वेळात ४० अंश सेल्सियसपर्यंत तापले. एप्रिल-मे महिन्यांत माथेरानचा हंगाम ऐन भरात असतो, हे या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचावे.

यावर पहिली सूचना येते ती साधी आणि आकर्षक आहे: वयाची मर्यादा घाला. अमुक वर्षे झाली की परवाना रद्द. न्यूयॉर्क शहरात बग्गीच्या घोड्यांसाठी असा नियम आहे. पाच वर्षांखालचा आणि सव्वीस वर्षांवरचा घोडा जुंपता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे रायडर नावाचा घोडा भररस्त्यात कोसळला. त्याचे वय तेरा असल्याचे सांगितले गेले होते, पशुवैद्यकीय तपासणीत ते सव्विसाच्या आसपास निघाले. जनावराचे वय कागदावर कमी करणे किती सोपे आहे हे त्यातून दिसते. आपल्याकडे तर सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारात घोडा घेताना वय दातांवरूनच ठरते. वरच्या कडेच्या पटाशीवर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ एक खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. हा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे, आणि घोडा जितका म्हातारा तितका अंदाज सैल. दुसरी अडचण अशी की वयाचा आकडा अन्यायही करतो. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातला ‘विराट’ २००३ साली दलात आला, तेरा प्रजासत्ताक दिनांच्या संचलनांत चालला आणि २६ जानेवारी २०२२ रोजी सन्मानाने निवृत्त झाला, तेव्हा तो विशी ओलांडलेला होता. त्याला रोजची निगा, पशुवैद्य, मोजकी कामे आणि मऊ मैदान मिळाले. शर्यतीत लहानपणीच पायांचा चुराडा झालेला आणि मग हिंडत हिंडत भाड्याच्या स्वारीला लागलेला घोडा चौदाव्या वर्षी संपलेला असू शकतो. म्हणून वय हे निवृत्तीचे कारण मानू नये, तपासणी सुरू करण्याचे कारण मानावे. पंधरा वर्षांपुढच्या प्रत्येक घोड्याची वर्षातून दोनदा, हंगामाआधी आणि हंगामानंतर, तपासणी व्हावी. वजन, दात, पाठ, सांधे, चाल, नाडी यांची नोंद व्हावी आणि तुलना त्याच घोड्याच्या मागच्या नोंदीशी व्हावी. घोड्याच्या कातडीखाली चिप बसवली की एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर खपत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो घोड्यावर जीव असणाऱ्यांकडून येतो. काम काढून घेतले तर घोडा खचतो, असे ते म्हणतात. जुना ग्रीक चरित्रकार प्लूटार्क एका खेचराची गोष्ट सांगतो. अथेन्समध्ये मोठे मंदिर बांधताना राबलेली जनावरे मोकळी सोडली गेली, पण त्यातले एक आपणहून परत येऊन जुंपलेल्या जनावरांच्या पुढे चालू लागले, आणि नगराने त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसावे असे ठरवले. आक्षेप घेणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. सांधेदुखीच्या घोड्याला खुंट्याला बांधून ठेवणे हे औषध नाही. हालचाल थांबली की सांधे आणखी आखडतात, आणि एकटा पडलेला घोडा खाणेपिणे कमी करतो. पण गोष्ट नीट वाचली तर ते खेचर पुढे चालत होते, त्याच्यावर ओझे नव्हते. हालचाल, सोबत आणि दिनक्रम घोड्याला हवे असतात. पाठीवर पंच्याहत्तर किलो घेऊन दिवसातून सहा फेऱ्या त्याला हव्या असतात, असे कोणी दाखवून दिलेले नाही. त्यामुळे निवृत्ती एका दिवसात करण्याचे कारणही नाही. आधी दुडकी आणि दौड बंद, मग उताराची वाट बंद, मग फक्त लहान मुले आणि तीही सपाटीवर, मग खोगिराविना हातात धरून सकाळ-संध्याकाळ फिरवणे. प्रत्येक पायरी नोंदीवरून ठरावी. याच विषयातला तिसरा मुद्दा वेदनाशामकांचा. घरच्या घोड्याला आराम पडावा म्हणून पशुवैद्याने दिलेले औषध योग्यच आहे. भाड्याच्या घोड्याला सकाळी गोळी चारून फेऱ्या मारायला लावणे म्हणजे धोक्याची घंटा बंद करून काम चालू ठेवणे. या औषधांचा जठरावर आणि मूत्रपिंडांवर होणारा परिणाम वेगळाच.

आणि आता मूळ अडचण. घोडेवाला विचारेल, आणि त्याला तो अधिकार आहे, की या म्हाताऱ्याला काढले तर वैरण कोण घालणार? निवृत्त घोडा पाच-सात वर्षे, कधी दहाही जगतो. एका घोड्यावर घर चालवणाऱ्याने दोन घोडे पोसायचे कसे? या प्रश्नाला उत्तर न देता जो दयेची भाषा बोलतो त्याचे बोलणे पोकळ आहे. उत्तर नसल्यामुळे आज काय घडते ते पाहा. म्हातारा घोडा निवृत्त होत नाही, तो विकला जातो. थंड हवेच्या ठिकाणाहून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून वरातीला, तिथून वीटभट्टीवर. प्रत्येक विक्रीत किंमत उतरते, मालकाची ऐपत उतरते आणि काम मात्र जड होत जाते. वरच्या मालकाच्या लेखी तो ‘काढलेला’ घोडा असतो. जो निर्णय घोड्याला पुढच्या, अधिक वाईट खोगिराखाली ढकलतो, त्याला निवृत्ती म्हणता येणार नाही.

ही जबाबदारी एकट्या मालकाची नाही, हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र अध्याय आहे. प्रत्येक घोड्याचे कुळ, वय, रंग आणि खुणा नोंदवून ठेवाव्यात असे तो सांगतो, आणि युद्धाने, रोगाने, म्हातारपणाने किंवा कामाने क्षीण झालेल्या घोड्यांना पोटापुरते अन्न देऊन सांभाळावे असेही सांगतो. एकाच अध्यायात नोंद आणि निर्वाह या दोन्ही गोष्टी आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्या न्यायालयांनीही माणसांच्या बाबतीत हाच मार्ग धरला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवताना चालक-मालकांच्या पुनर्वसनाची योजना करायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये माथेरानमधील हातरिक्षा बंद करण्याचा आदेश देतानाही रिक्षा ओढणाऱ्यांच्या उपजीविकेची व्यवस्था सरकारवर सोपवली. काम थांबवणे आणि पोट भरणे या दोन गोष्टी तिथे एकत्र बांधल्या गेल्या. घोड्याच्या बाबतीत त्या अजून सुट्या आहेत.

कायद्याचा आधार नाही असे मात्र म्हणता येणार नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमात वयामुळे, रोगामुळे किंवा जखमेमुळे काम करण्यास अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. एका फेरीच्या भाड्यातून तो कितीतरी वेळा फिटेल. पण दंड वाढवला तरी ‘अयोग्य’ कोण ठरवणार हा प्रश्न राहतोच, आणि दंडाच्या भीतीने घोडा आणखी लवकर खालच्या बाजारात जाईल. म्हणून माझा भर शिक्षेवर नाही, निधीवर आहे. माथेरानला येणारा प्रत्येक पर्यटक दस्तुरीला प्रवासी कर भरतो. त्यातला ठरावीक वाटा, आणि प्रत्येक घोडेस्वारीमागे थोडी रक्कम, वेगळ्या खात्यात जमा व्हावी. ज्या मालकाचा घोडा तपासणीत निवृत्त ठरेल त्याला त्या खात्यातून दरमहा वैरणखर्च मिळावा. अट एकच, घोडा विकायचा नाही. दर सहा महिन्यांनी चिप तपासून तो जिथे असायला हवा तिथे आहे याची खात्री व्हावी. जो घोडा आता उठूच शकत नाही, ज्याच्या वेदना थांबत नाहीत, त्याला पशुवैद्याच्या हातून शांत मरण देण्याचा खर्चही त्याच निधीने उचलावा. हा शेवटचा भाग बोलायला कठीण आहे, पण तो टाळला की घोड्याचे अखेरचे आठवडे फार वाईट जातात. यावर असे म्हटले जाईल की नगरपरिषदेकडे माणसांच्या सोयींनाच पैसे नाहीत. पण ज्या घोड्याच्या पाठीवर त्या गावाचा पर्यटन व्यवसाय उभा आहे, त्याचा म्हातारपणाचा खर्च हा त्या व्यवसायाचाच खर्च आहे. तो आजवर हिशेबात धरला गेला नाही, एवढेच.

माथेरान, महाबळेश्वर आणि पाचगणीच्या नगरपरिषदांना, तिथल्या अश्वपाल संघटनांना आणि राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती आहे की पुढच्या हंगामाआधी परवान्यावरच्या प्रत्येक घोड्याची एक तरी तपासणी करून तिची नोंद ठेवावी आणि निधीचे खाते उघडावे. आणि श्रोतेहो, तुम्ही यंदा डोंगरावर गेलात तर स्वार होण्याआधी घोड्याचे वय विचारा, त्याची पाठ आणि पुढचे सांधे पाहा, तुमचे वजन त्याला झेपणार नाही असे वाटले तर चालत जा. दस्तुरीपासून बाजारापर्यंतची वाट सुमारे अडीच किलोमीटरचीच आहे.